मामा तलावाच्या पाण्यात छायाचित्रण : कॅमेरा, भिंग आणि इतर साहित्य कसे निवडावे

पाण्याखालच्या छायाचित्रणाविषयी जे मार्गदर्शन सहज मिळते, ते जवळजवळ सगळे समुद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. वीस-तीस मीटरपर्यंत आरपार दिसणारे निळे पाणी, प्रवाळ आणि माशांचे थवे हे त्यात गृहीत धरलेले असते, आणि कोणता कॅमेरा घ्यावा, कोणते भिंग जोडावे, कोणता फिल्टर लावावा या शिफारशीही त्याच पाण्याला धरून केलेल्या असतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातील माजी मालगुजारी तलावात, तोच कॅमेरा घेऊन उतरले की हातभर अंतरावरचा मासा हिरवट धुक्यात विरून जातो. उपकरण चांगलेच असते, पण ते निवडताना आपले पाणी विचारात घेतलेले नसते.

मी गेली काही वर्षे भंडारा जिल्ह्यातील गावतलावांत मासे, झिंगे, शंख-शिंपले आणि पाणवनस्पती यांची छायाचित्रे काढत आहे, आणि त्यांतील बरीचशी गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीसाठी काढलेली आहेत. या कामात एक गोष्ट मनावर पक्की ठसली: भिंग आणि विषय यांच्यामधली पाण्याची जाडी जितकी कमी, तितके छायाचित्र स्पष्ट. कॅमेरा, भिंग, दिवा, हाउसिंग (कॅमेऱ्याचे जलरोधक कवच), काठी यांपैकी काहीही विकत घेताना ते ही जाडी कमी करण्यास कितपत मदत करते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

खरेदीच्या आधी पाणी मोजावे

पाण्याची पारदर्शकता मोजण्याचे जुने आणि आजही वापरात असलेले साधन म्हणजे सेक्की तबकडी. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने खाली सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात हे मोजले होते. पुढे गोड्या पाण्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची तबकडी रूढ झाली. ती घरीही करता येते. रंगाच्या बादलीचे झाकण घ्यावे, त्यावर ऑइल पेंटने समोरासमोरचे दोन भाग काळे आणि दोन पांढरे रंगवावेत, खाली दगड बांधावा आणि दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारलेल्या नायलॉनच्या दोरीने ती डोंग्यातून सावलीच्या बाजूला पाण्यात सोडावी. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोहोंची सरासरी घ्यावी. मोजणी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, ऊन असताना करावी, म्हणजे वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदींची तुलना करता येते.

पावसाळ्यात वीतभरही न दिसणारी तबकडी डिसेंबरात कमरेइतक्या खोलीपर्यंत दिसत राहते, असे मी एकाच तलावात पाहिले आहे. हा फरक ऋतूचा असतो तसा मातीचाही असतो. आपल्याकडचे शेतकरी जमिनीचे कन्हार, मोरांड, खरडी, सिहार असे प्रकार सांगतात, आणि हे वर्गीकरण छायाचित्रकारालाही उपयोगी पडते. कन्हार ही काळी, चिकण माती. तिचे कण अतिशय बारीक असल्यामुळे ते पाण्यात दीर्घकाळ तरंगत राहतात. सिहार पिवळसर आणि रेताड असते, तिचे कण लवकर तळाशी बसतात, म्हणून अशा जमिनीवरून भरणारा तलाव दिवाळीनंतर लवकर निवळतो. यवतमाळ, अमरावती, अकोला या बाजूच्या काळ्या कापसाच्या जमिनीतून वाहून येणारे नाल्याचे पाणी निवळायला असाच बराच वेळ घेते. याशिवाय तलावात म्हशी बसतात का, कपडे कोणत्या घाटावर धुतले जातात, शेतातले खताचे पाणी कोणत्या बाजूने येऊन शेवाळ वाढते, हेही एकदा पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) फिरून पाहून घ्यावे. त्याच तलावाच्या दुसऱ्या टोकाला दुप्पट स्वच्छ पाणी सापडणे अशक्य नाही.

तबकडीची खोली मिळाली की हिशेब सोपा होतो. नैसर्गिक प्रकाशात काढायच्या छायाचित्रासाठी विषय त्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाहून दूर नसावा, आणि फ्लॅश वापरायचा असेल तर पाचव्या हिश्शाहून दूर नसावा, हा मी स्वतःसाठी ठरवलेला नियम आहे. तबकडी ९० सेंटिमीटरवर नाहीशी होत असेल, तर आपल्या हातात ३० सेंटिमीटर आहेत. जे उपकरण ३० सेंटिमीटरच्या आत काम करत नाही, ते त्या तलावासाठी घेऊ नये.

रंगाविषयीही समुद्राचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. समुद्राच्या निळ्या पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, म्हणून तिथे लाल फिल्टर लावतात. आपल्या तलावांत शेवाळ आणि कुजलेल्या पानांतून उतरलेला तपकिरी अंश निळा प्रकाशही शोषून घेतो, आणि उरतो तो हिरवा-पिवळा प्रकाश. हिरव्या पाण्यासाठी मॅजेंटा छटेचे फिल्टर मिळतात, परंतु कोणताही फिल्टर प्रकाश कमीच करतो आणि आपल्याकडे तो आधीच अपुरा असतो. फिल्टरवर पैसे घालवण्यापेक्षा कॅमेरा रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात छायाचित्र साठवतो ना, एवढे पाहून घ्यावे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, नंतर संगणकावर किंवा मोबाइलवरही सुधारता येतो.

सपाट खिडकी आणि घुमट

कॅमेरा ज्या जलरोधक कवचात ठेवतात त्याला हाउसिंग म्हणतात, आणि भिंगासमोरच्या त्याच्या पारदर्शक खिडकीला पोर्ट म्हणतात. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलची चर्चा फार होते आणि या खिडकीची फार कमी, पण आपल्या पाण्यात छायाचित्राचे यश-अपयश बऱ्याच अंशी तीच ठरवते.

पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ आहे. त्यामुळे सपाट काचेतून पाहिल्यास पाण्यातली वस्तू तिच्या खऱ्या अंतराच्या पाऊणपटीवर आल्यासारखी आणि सुमारे एक-तृतीयांशाने मोठी दिसते. कॅमेऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ असा, की जमिनीवर २४ मिलिमीटरचे म्हणून घेतलेले रुंद भिंग सपाट पोर्टमागे जवळजवळ ३२ मिलिमीटरच्या भिंगासारखे वागते. हातभर लांबीची मरळ संपूर्ण चौकटीत बसवायची तर मग मागे सरकावे लागते, आणि मागे सरकणे म्हणजे मध्ये आणखी गढूळ पाणी घेणे. घुमटाकार पोर्ट, ज्याला डोम म्हणतात, हा दोष दूर करतो. घुमटाच्या केंद्राशी भिंग नीट बसवलेले असेल तर भिंगाचा मूळ दृश्यकोन पाण्यातही टिकून राहतो आणि मोठा विषय अगदी जवळून टिपता येतो.

घुमटाची एक अट मात्र आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे अनेकांची खरेदी चुकते. घुमट पाण्यात स्वतःच एका भिंगासारखा वागतो आणि पाण्यातील सर्व दृश्य आपल्याजवळ आणून ठेवतो. अनंत अंतरावरची वस्तूसुद्धा घुमटाच्या काचेपुढे त्याच्या त्रिज्येच्या सुमारे तिप्पट अंतरावर असल्यासारखी दिसते. आठ इंची घुमटाची त्रिज्या साधारण १० सेंटिमीटर धरली तर हे अंतर ३० सेंटिमीटर होते, आणि चार इंची घुमटात ते १५ सेंटिमीटरच उरते. जवळचे विषय तर याहूनही अलीकडे येतात. म्हणून घुमटामागे बसवायचे भिंग फार जवळ फोकस करणारे असावे लागते. टोकिनाचे १०–१७ मिलिमीटरचे फिशआय (अतिशय रुंद कोनाचे) भिंग १४ सेंटिमीटरपर्यंत आणि पॅनासॉनिकचे मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांसाठीचे ८ मिलिमीटरचे फिशआय १० सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. पाण्याखाली काम करणाऱ्या लोकांत ही भिंगे इतकी लोकप्रिय का आहेत, ते यावरून कळते. भिंगाच्या माहितीपत्रकातील किमान फोकस-अंतर सेन्सरपासून (कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या भागापासून) मोजलेले असते, भिंगाच्या तोंडापासून नव्हे, हेही हिशेबात धरावे.

झिंगे, गोगलगाई, पाणकिडे, हायड्रिलाच्या फांदीवरची अंडी असे लहान विषय असतील तर सपाट पोर्ट आणि मॅक्रो (लहान वस्तू जवळून मोठी टिपणारे) भिंग हीच योग्य जोडी होय. तिथे एक-तृतीयांशाने मिळणारी वाढ फायद्याचीच असते, आणि विषय भिंगापासून काही सेंटिमीटरवरच असल्यामुळे गढूळपणाचा परिणाम जवळजवळ जाणवत नाही. नवशिक्याने आमच्याकडच्या तलावांत सुरुवात मॅक्रोने करावी, असे मी आग्रहाने सांगेन. रुंद दृश्यासाठी वर्षातले मोजके आठवडे मिळतात. मॅक्रोसाठी जवळजवळ सगळा हिवाळा आणि उन्हाळ्याचा पूर्वार्ध मिळतो.

घुमट ॲक्रिलिकचा असतो किंवा काचेचा. ॲक्रिलिक हलके आणि स्वस्त असते, त्यावर ओरखडे लवकर पडतात, परंतु पाण्याखाली ते ओरखडे पाण्याने भरले जात असल्यामुळे छायाचित्रात फारसे दिसत नाहीत आणि पॉलिशही करता येतात. अर्धे पाण्यावरचे आणि अर्धे पाण्याखालचे दृश्य एकाच चौकटीत घ्यायचे असेल, उदाहरणार्थ वर कमळाचे फूल आणि खाली त्याचे देठ, तर घुमट जितका मोठा तितके बरे, कारण काचेवरची पाण्याची रेषा भिंगापासून दूर जाते आणि बारीक दिसते.

कॅमेरा पाण्याबाहेर ठेवूनही पुष्कळ काम होते

माशाची ओळख पटवणे हा उद्देश असेल, तर पाण्यात उतरण्याची गरजच नसते. त्यासाठी लहान काचपेटी करून घ्यावी. तालुक्याच्या ठिकाणच्या काचेच्या दुकानात ५ मिलिमीटर जाडीची काच कापून मिळते. ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर उंच आणि ८ सेंटिमीटर रुंद अशी पेटी बहुतेक लहान माशांना पुरते. काचा जोडण्यासाठी मत्स्यटाकीसाठी म्हणून मिळणारे सिलिकॉनच वापरावे, कारण बुरशीरोधक रसायन मिसळलेले सिलिकॉन माशांना घातक असते. सिलिकॉन पूर्ण वाळू द्यावे आणि पेटी एक-दोन वेळा पाण्याने भरून ओतून द्यावी. पेटीच्या आत मागेपुढे सरकणारी आणखी एक सुटी काच ठेवली, की मासा समोरच्या काचेजवळ हळुवारपणे आणता येतो आणि पाण्याची जाडी तीन-चार सेंटिमीटरवर येते. त्याच तलावाचे पाणी सुती फडक्यातून गाळून पेटीत भरावे. मागे करड्या रंगाचा पुठ्ठा, वरून पांढऱ्या कापडातून झिरपणारे ऊन, आणि कॅमेऱ्याभोवती काचेतले प्रतिबिंब अडवणारे काळे कापड, एवढ्या तयारीवर साध्या मोबाइलनेही असे छायाचित्र मिळते, की त्यातील परांची ठेवण, मिशा, अंगावरची पार्श्वरेषा आणि शेपटीच्या बुडाशी असलेला काळा ठिपका मोजून पाहता येतो. गावातील जाणत्या ढिवर (मासेमार) मंडळींना छायाचित्र दाखवून नाव विचारायचे असेल तर याच खुणा त्यांना हव्या असतात. तिरप्या कोनातून घेतलेल्या देखण्या छायाचित्राचा त्यांना उपयोग होत नाही.

मासा हाताळताना हात ओले असावेत, त्यांना साबण, तेल किंवा तंबाखू लागलेली नसावी. पेटी सावलीत ठेवावी, कारण एवढेसे पाणी उन्हात पटकन तापते आणि त्यातील प्राणवायू कमी होतो. दोन-तीन मिनिटांत काम उरकून मासा जिथून घेतला तिथेच सोडावा. कॅमेऱ्याची सर्व मांडणी आधी रिकाम्या पेटीवर, काडी उभी करून, पक्की करून घ्यावी आणि मगच मासा मागावा.

याच पेटीचा थोडा मोठा प्रकार, साधारण २५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, वरून उघडा, अर्धा पाण्यात दाबून आत कॅमेरा ठेवला, तर पाण्यावरचे व पाण्याखालचे दृश्य एकत्र टिपता येते. मात्र प्रत्येक लिटर पाणी बाजूला सारले की सुमारे एक किलोचा रेटा वर येतो. दहा लिटरची पेटी निम्मी बुडवायलाही पाच किलो वजन लागते. म्हणून तळाशी विटा किंवा वाळूची पिशवी ठेवावी आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असल्याशिवाय पेटीवरचा हात सोडू नये.

कॅमेऱ्याचे चार प्रकार

मोबाइलवर आयपी६८ अशी धूळ-पाण्यापासून बचावाची खूण लिहिलेली असते, त्यावर विसंबून तो तलावात बुडवू नये. ही चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात, कंपनीने जाहीर केलेल्या खोलीपर्यंत आणि वेळेपर्यंतच केलेली असते. वापराने आतील सील झिजतात, आणि पाणी शिरल्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्यांच्या हमीत धरले जात नाही. शिवाय पाण्याखाली स्पर्शपडदा नीट चालत नाही. मोबाइल काचपेटीसाठी ठेवावा.

ॲक्शन कॅमेरा लहान, मजबूत आणि गावात वापरायला सोयीचा असतो. गोप्रोचे हिरो५ हे २०१६ चे मॉडेल आणि त्यानंतरची हिरो मालिकेतील मुख्य मॉडेल वेगळ्या हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंत जलरोधक आहेत. अडचण आहे ती फोकसची. या प्रकारच्या कॅमेऱ्यांचे फोकस सहसा कायमचे ठरवलेले असते आणि साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा जवळची वस्तू धूसर येते, आणि आपल्या पाण्यात तर त्याहून जवळच जावे लागते. त्यामुळे असा कॅमेरा घेणाऱ्याने समोर बसवायचे क्लोज-अप भिंगही त्याच वेळी घ्यावे. ही जोडी बांबूच्या काठीला बांधून कमळाच्या देठांमध्ये उभी करावी, चित्रफीत सुरू करून आपण दूर व्हावे, आणि वीस-पंचवीस मिनिटे पाळीवर शांत बसावे. माणसाच्या हालचालीने पळालेले मासे स्थिर काठीजवळ हळूहळू परत येतात आणि कुतूहलाने भिंगाजवळही येतात. माशांच्या स्वाभाविक वागणुकीच्या माझ्या सर्वांत समाधानकारक चित्रफिती मी पाण्यात नसतानाच मिळाल्या आहेत. काठीला ठळक रंगाची दोरी आणि रिकामी बाटली बांधायला विसरू नये, नाहीतर शिंगाड्याच्या वेलींत बुडालेला कॅमेरा सापडत नाही.

तिसरा प्रकार जलरोधक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा. यात ऑलिम्पसचा टीजी-६ (२०१९) आणि त्यानंतर ओएम सिस्टिम या नावाने आलेला टीजी-७ (२०२३) हे आपल्या कामाला विशेष जुळतात. दोन्ही हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतात, रॉ फाइल देतात, आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंगाच्या तोंडापासून अवघ्या एका सेंटिमीटरवर फोकस करतात. तलावाच्या पाण्यात याचा अर्थ काय होतो, हे वर आलेच आहे. सेन्सर लहान असल्यामुळे अंधाऱ्या पाण्यात आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) वाढवला की दाणे दिसू लागतात, पण लहान सेन्सरमुळेच फोकसची खोली अधिक मिळते आणि डुलत्या झिंग्याचे डोळे व शेपूट दोन्ही स्पष्ट येण्याची शक्यता वाढते. एकच कॅमेरा घ्यायचा आणि तो गावतलावासाठी घ्यायचा, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी याच प्रकाराचे नाव घेतो.

मिररलेस किंवा डीएसएलआर हा चौथा प्रकार. त्याची गुणवत्ता निर्विवाद आहे, परंतु हाउसिंग प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे असते आणि त्याची किंमत अनेकदा कॅमेऱ्याइतकी किंवा त्याहून जास्त होते. कॅमेरा बदलला की जुने हाउसिंग निरुपयोगी होते. म्हणून क्रम उलटा ठेवावा: आपल्याला हवे ते भिंग आणि पोर्ट कोणत्या हाउसिंगमध्ये बसतात ते आधी शोधावे, आणि त्या हाउसिंगमध्ये बसणारा कॅमेरा, जमल्यास वापरलेला, नंतर घ्यावा.

हाउसिंग

हाउसिंग पॉलिकार्बोनेटचे असते किंवा ॲल्युमिनियमचे. दर १० मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. मामा तलावात आपण दोन मीटरच्या आतच काम करतो, म्हणजे अतिरिक्त दाब फार तर एक-पंचमांश वातावरण असतो. चाळीस-साठ मीटरसाठी घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या हाउसिंगची ताकद इथे वापरलीच जात नाही, तेव्हा पॉलिकार्बोनेट पुरेसे आहे. यावरून उथळ पाण्यात गळती होत नाही असा निष्कर्ष मात्र काढू नये. झाकणातील रबरी ओ-रिंग पाण्याच्या दाबानेच खाचेत घट्ट बसते. उथळ पाण्यात तो दाब कमी असल्यामुळे सैल बसलेले झाकण तिथेच पहिल्यांदा पाणी आत येऊ देते.

माझे एक हाउसिंग धानाच्या तणशीच्या एका बारीक काडीमुळे भरले. खळ्याशेजारी बसून मी झाकण लावले होते, काडी ओ-रिंगखाली अडकली होती आणि ती मला दिसली नाही. त्यानंतर मी हाउसिंग घरीच, पंखा बंद करून, स्वच्छ कापडावर ठेवून लावतो आणि तलावावर ते उघडत नाही. बॅटरी आणि कार्ड एका फेरीला पुरतील असे आधीच घालतो. ओ-रिंग बोटांनी काढावी, सुईने कधीच काढू नये. तिच्यावर आणि खाचेत केस, रेती, धागा नाही हे उजेडात पाहावे, उत्पादकाने सांगितलेले ग्रीस चमक येण्यापुरतेच लावावे, कारण जास्त ग्रीस कचरा धरून ठेवते आणि चुकीचे ग्रीस काही रबरांना फुगवते. नवे किंवा बरेच दिवस न वापरलेले हाउसिंग प्रथम कॅमेऱ्याशिवाय, आत कोरडा टिश्यू कागद ठेवून, वजन बांधून बादलीत तासभर बुडवावे. हवा काढून गळती तपासणारी व्हॅक्यूम प्रणाली हाउसिंगसोबत मिळत असेल तर तिचे पैसे जरूर द्यावेत. ओ-रिंगचे दोन जादा संच हाउसिंगसोबतच मागवावेत. हे सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत नाहीत आणि नागपुरातही हमखास मिळतील असे धरून चालू नये.

गोड्या पाण्याची घनता समुद्राच्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी कमी असते. दोन लिटर पाणी हटवणारे हाउसिंग समुद्रात जेवढे उचलले जाते, त्यापेक्षा आपल्या तलावात सुमारे ५० ग्रॅमने कमी उचलले जाते. त्यामुळे समुद्रात जेमतेम तरंगणारे हाउसिंग इथे बुडते, आणि गढूळ पाण्यात बुडालेली वस्तू म्हणजे चिखलात रुतलेली वस्तू. मनगटाची दोरी आणि तरंगता पट्टा लावल्याशिवाय ते पाण्यात नेऊ नये.

प्रकाश

फ्लॅशचा प्रकाश भिंग आणि विषय यांच्यामध्ये तरंगणाऱ्या कणांवर पडून परत आला, की छायाचित्रावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस दिसतो. कॅमेऱ्यातला अंगभूत फ्लॅश भिंगाला लागूनच असल्यामुळे हा दोष तिथे सर्वाधिक असतो; तो बंद ठेवावा किंवा ऑप्टिकल फायबरने बाहेरचा स्ट्रोब (वेगळा जोडायचा पाण्याखालचा फ्लॅश) पेटवण्यापुरताच वापरावा. मॅक्रोसाठी एकच लहान स्ट्रोब, वरून किंवा बाजूने, विषयाच्या अगदी जवळ आणून आणि समोर अरुंद नळी लावून वापरला, तर प्रकाश विषयावरच पडतो आणि मधले पाणी अंधारात राहते. रुंद दृश्यासाठी आमच्या पाण्यात मी स्ट्रोब वापरत नाही. स्वच्छ आकाश असताना दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान, अर्धा मीटर खोलीत, वरून येणारे ऊनच कमळाच्या देठांमधून इतके सुंदर उतरते, की त्याला कृत्रिम प्रकाशाची जोड दिली तर फक्त कण उजळतात. आठशे-हजार ल्युमेनचा एक पाणबुड्यांचा टॉर्च मात्र जवळ असावा. फोकस धरायला आणि अंधाऱ्या कपारीत पाहायला तो उपयोगी पडतो.

ऊन, दमट हवा आणि क्षार

विदर्भातील मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या वर जात असताना, बंद गाडीत हाउसिंग ठेवू नये. रबर, ग्रीस, चिकट सांधे आणि बॅटरी यांचे आयुष्य त्याने कमी होते. उन्हात तापलेले हाउसिंग एकदम पाण्यात बुडवले आणि आतील हवा दमट असेल, तर पोर्टवर आतून वाफ धरते, म्हणून आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. पावसाळ्यात हाउसिंग शक्यतो कोरड्या खोलीत लावावे. काम झाल्यावर बटणे दाबत-दाबत स्वच्छ पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावे, म्हणजे आत गेलेला गाळ सुटतो. बोअरवेलचे जड पाणी वाळल्यावर घुमटावर पांढरे डाग ठेवते, आणि खारपाणपट्ट्यात (खाऱ्या भूजलाच्या भागात) तर हे फारच जाणवते; शेवटचा हात आरओच्या पाण्याचा द्यावा आणि मऊ कापडाने टिपून घ्यावे.

पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी

बहुतेक तलावांत मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा संस्थेच्या मंडळींना आणि ग्रामपंचायतीला आधी विचारावे. जाळी कुठे लावली आहेत, कुठे खोल आहे, कुठे गाळ रुततो, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. संरक्षित जंगलातील तलावांत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही करू नये. ताडोबाच्या तलावासारख्या ठिकाणी मगरी आहेत. पाणी सोडलेले असताना तुडुमाजवळ (तलावातून पाणी सोडण्याच्या दारापाशी) जाऊ नये, कारण तिथली ओढ वरून दिसत नाही. कमळाचे देठ आणि शिंगाड्याच्या वेली पायांत गुंततात, म्हणून मी कमरेइतक्या पाण्याच्या पुढे जात नाही, आणि काठावर कोणी ओळखीचे माणूस असल्याशिवाय उतरत नाही. विहिरीचे पाणी हिवाळ्यात फार स्वच्छ असते आणि मोह होतो, पण विहिरीत स्वतः उतरू नये. दोरीला ॲक्शन कॅमेरा आणि टॉर्च बांधून सोडला की पुरते.

खरेदीचा क्रम मी असा ठेवीन. पहिल्या पावसाळ्यात तबकडी आणि काचपेटी तयार करावी, आणि हातातल्या मोबाइलवर महिना-दोन महिने माशांच्या ओळखीची छायाचित्रे काढावीत. त्यानंतर आपला कल लहान जीवांकडे असेल तर जलरोधक कॉम्पॅक्ट, आणि वागणुकीकडे असेल तर क्लोज-अप भिंगासह ॲक्शन कॅमेरा घ्यावा. हाउसिंग, घुमट आणि फिशआय यांचा विचार डिसेंबरात करावा: सलग तीन-चार आठवडे तबकडी सोडून पाहावी, आणि ती एक मीटरपर्यंत दिसत नसेल तर त्या तलावासाठी घुमट घेऊ नये, तेच पैसे एका चांगल्या मॅक्रो भिंगात आणि एका लहान स्ट्रोबमध्ये घालावेत.